देशाचे दुश्मन छापणारे देशभक्त : बारामतीचे पहिले खासदार केशवराव जेधे

बारामती : स्वारगेटला कधी उतरलाच नाही असा माणूस बारामती आणि इंदापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. कुणी मोरगाव-जेजुरीवरून जातो, कुणी पाटसवरून, इंदापूरचा माणूस भिगवणवरून. दवाखाना, कोर्ट, पोरांचं कॉलेज, काम कुठलंही असो, एसटी शेवटी स्वारगेटला लागते. त्या चौकाचे नाव देशभक्त केशवराव जेधे चौक. वरच्या उड्डाणपुलालाही त्यांचेच नाव आहे. पण हे जेधे १९५७ साली आपल्या बारामती लोकसभा मतदारसंघातून निवडून गेलेले खासदार होते, हे गाडीतल्या किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्नच आहे.

त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट पुढची. ज्यांच्या नावाआधी आज देशभक्त लागते, त्यांना देशाचे दुश्मन नावाच्या एका पुस्तकापायी पुण्याच्या कोर्टाने शिक्षा सुनावली होती. हे पुस्तक लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर होते आणि त्याची भाषा अशी होती की आजच्या मोबाईलवरच्या पोस्टीसुद्धा लाजाव्यात. आणि याच माणसाने तीस वर्षांनी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात अध्यक्षाच्या खुर्चीत बसून संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना केली. मधल्या तीस वर्षांत काय घडले, ते आपल्या भागातल्या माणसाने समजून घ्यावे असे आहे.

कारीचे जेधे, पुण्याचे कारखानदार

जेधे घराणे मूळचे भोर तालुक्यातल्या कारी गावचे. रोहिडखोऱ्याचे देशमुख. शिवाजी महाराजांवर अफजलखान चालून आला तेव्हा वतनावर पाणी सोडून महाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे याच घराण्यातले. हा भोर तालुका आजही बारामती लोकसभा मतदारसंघातच आहे.

केशवरावांचा जन्म १८९६ सालचा. घरचा धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा, चांगला चाललेला. पुण्यात शुक्रवार पेठेत मोठा वाडा, त्याला जेधे मॅन्शन म्हणत. थोरले बंधू बाबूराव जेधे हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या विश्वासातले आणि सत्यशोधक विचाराचे. त्यामुळे खेड्यापाड्यातून पुण्यात आलेला ब्राह्मणेतर कार्यकर्ता हमखास जेधे मॅन्शनवर यायचा. जेवण, मुक्काम, बैठका, भांडणं, सगळं तिथंच.

तेव्हाचे पुणे कसे होते हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. शाळा, वर्तमानपत्रे, नगरपालिका, वकिली, सरकारी कचेरी, सगळीकडे ब्राह्मण समाजाचे वर्चस्व. शेतकऱ्याच्या पोराला शिकायचे तर जागा नाही, बोलायचे तर व्यासपीठ नाही. अस्पृश्य समाजाची अवस्था तर त्याहून वाईट. महात्मा फुले जाऊन तीस वर्षे झाली होती तरी त्यांचे नाव पुण्यात मोठ्याने घेण्याची पंचाईत होती. राग होता आणि त्याला कारणही होते. पुढे जे झाले ते वाचताना हे विसरून चालणार नाही.

गणपतीचे मेळे आणि काठ्या

१९२० नंतर केशवरावांच्या जोडीला दिनकरराव जवळकर आले. हवेली तालुक्यातल्या आळंदी गावचा हा तरुण लेखणीचा जबरदस्त. जेधेंकडे पैसा, माणसे आणि वाडा, जवळकरांकडे भाषा. दोघांचे जमले.

गणेशोत्सवात पुण्यात मेळे निघायचे. पोरांची आणि तरुणांची टोळी, एकसारखे कपडे, टाळ-ढोलकी, आणि चौकाचौकात गाणी. ब्राह्मण मंडळींचा सन्मित्र समाज मेळा होता. त्याच्या गाण्यात सुधारकांची, ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची टिंगल असायची. त्याला उत्तर म्हणून जेधे-जवळकरांनी छत्रपती मेळा काढला. आणि उत्तर म्हणजे कसले, दुप्पट तिखट. टिळकांपासून भटभिक्षुकांपर्यंत कुणाला सोडले नाही. समोरच्यांनी आणखी कडक पदे रचली. यांनी त्याहून कडक रचली. ऐकायला गर्दी लोटायची, कारण शिवी चालीवर म्हटली की लोकांना मजा वाटते.

ही मजा फार दिवस नुसती मजा राहिली नाही. मेळे एकमेकांसमोर आले की वाट कुणी कुणाला द्यायची यावरून ताणाताण, मग काठ्या. दरवर्षी उत्सव आला की पुण्याच्या पेठांमध्ये पोलिसांचा बंदोबस्त वाढायचा. गाणी लिहिणारे वाड्यावर असायचे, डोकी फुटायची ती मेळ्यातल्या पोरांची. हे मात्र शंभर वर्षांत काही बदललेले दिसत नाही.

पुतळ्याचा वाद

१९२४ साली पुण्याच्या मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. पंडित मोतीलाल नेहरू अनावरणाला आले होते. पुढच्याच वर्षी केशवराव नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांनी मागणी केली की टिळकांचा पुतळा झाला, आता महात्मा फुल्यांचाही पुतळा नगरपालिकेने उभारावा.

मागणीत वावगे काहीच नव्हते. मुलींची पहिली शाळा काढणारा, आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करणारा माणूस पुण्याचाच. शिवाय फुले स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेले. पण विरोध एवढा झाला की सभागृहातले भांडण रस्त्यावर आले. फुल्यांची निंदानालस्ती करणारी पत्रके वाटली गेली. त्यांच्या जातीवर, धर्मावर, हेतूवर घाणेरडे लिहिले गेले. ठराव बारगळला.

इथे केशवरावांपुढे दोन वाटा होत्या. फुल्यांचे काम गावोगाव सांगत पुन्हा ठराव आणणे ही एक. दुसरी वाट म्हणजे आमच्या माणसाला तुम्ही शिव्या देता तर तुमच्या माणसाला आम्ही देतो. त्यांनी दुसरी निवडली.

पुस्तक आणि खटला

१९२५ साली देशाचे दुश्मन बाहेर आले. लिहिणारे जवळकर, प्रस्तावना वकील केशवराव बागडे यांची, छापणारे रामचंद्र लाड आणि प्रकाशक केशवराव जेधे. टिळक आणि चिपळूणकर हे देशभक्त नसून देशाचे शत्रू आहेत, असे त्यात मांडले होते. मांडणीत काही मुद्दे विचार करण्यासारखे होते. शेतकरी, कामगार, अस्पृश्य यांच्या शिक्षणाला आणि हक्कांना या पुढाऱ्यांनी काय दिले, हा प्रश्न खोटा नव्हता. पण मुद्दा शिव्यांच्या ढिगाखाली गेला. वाचणाऱ्याला लक्षात राहिल्या त्या शिव्याच. मेलेल्या माणसांबद्दल असले लिहिलेले पाहून पुण्यात संतापाची लाट आली.

चिपळूणकरांच्या एका नातेवाइकाने अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९२६ साली खालच्या कोर्टाने चौघांनाही दोषी धरून तुरुंगाची शिक्षा दिली. एक गोष्ट इथे नीट बघण्यासारखी आहे. केशवरावांनी ते पुस्तक लिहिले नव्हते. त्यांनी ते लोकांपर्यंत पोचवले होते, एवढेच. तरी कायद्याने त्यांना लिहिणाऱ्याच्या रांगेत उभे केले. आलेला मेसेज फक्त पुढे पाठवला, आपण कुठे लिहिला, असे आता पोलीस ठाण्यात सांगणाऱ्या तरुणांचीही गत तीच होते.

अपिलाला वकील उभा राहिला तो मुंबईहून आलेला. नाव डॉ. भीमराव आंबेडकर. विलायतेहून परत येऊन वकिली सुरू केल्याला तीनच वर्षे झालेली. समोर सेशन्स जज्ज लॉरेन्स. आंबेडकरांनी पुस्तकाची भाषा चांगली आहे असला बचाव केलाच नाही. त्यांनी कायद्यात बोट घातले. मेलेल्या माणसाची बदनामी झाली असे म्हणायचे तर तिने त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखवायच्या उद्देशाने केलेली असावी लागते. फिर्यादी चिपळूणकरांचा दूरचा नातेवाईक. मग त्याची फिर्याद टिकते कशी? कोर्टाला ते पटले आणि चौघेही सुटले. या खटल्याने आंबेडकरांचे वकील म्हणून नाव झाले.

जेधे-जवळकर सुटले खरे. जंगी स्वागत झाले. पण सुटका झाली ती कायद्याच्या मुद्द्यावर. पुस्तकातली भाषा बरोबर होती असा त्याचा अर्थ नव्हता, आणि ही गोष्ट त्यांच्याच वकिलाने लवकरच त्यांना दाखवून दिली.

महाडला मिळालेले उत्तर

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. अस्पृश्यांनी सार्वजनिक तळ्याचे पाणी घेतले म्हणून त्यांना मार बसला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले तेव्हा जेधे आणि जवळकरांनी पाठिंबा देऊ केला. ब्राह्मणेतर चळवळीचे एवढे मोठे बळ मागे उभे राहणार म्हणजे लहान गोष्ट नव्हती. पण त्यांची एक अट होती. या लढ्यात एकही ब्राह्मण घ्यायचा नाही.

आंबेडकरांनी अट नाकारली. आपला झगडा ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसांशी नाही, उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीशी आहे, आणि ती वृत्ती ब्राह्मणेतरातही असते, अशी त्यांची भूमिका होती. वर्षभरापूर्वी ज्यांना कोर्टातून सोडवून आणले त्यांनाच त्यांनी हे सुनावले. पाठिंब्याची गरज सगळ्यात जास्त आंबेडकरांना होती आणि तरी त्यांनी तडजोड केली नाही, हे विशेष.

हे उत्तर केशवरावांच्या मनात किती रुजले ते कुणी मोजलेले नाही. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांची दिशा बदलली, हे त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

गाडगीळांशी दोस्ती

१९२८ साली गुजरातेत बारडोलीच्या शेतकऱ्यांनी साराबंदी करून सरकारला नमवले. एक काठी न उगारता. ब्राह्मणेतर पक्षातले तरुण हे बघत होते. इंग्रज सरकारच्या कौन्सिलात दोन-चार मंत्रिपदे मिळवून शेतकऱ्याचे काही भले होत नाही, हेही दिसायला लागले होते. १९३० ला गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला आणि केशवराव जेधे काँग्रेसमध्ये उतरले. तुरुंगात गेले.

काँग्रेसमध्ये त्यांचा जिवाभावाचा दोस्त कोण झाला, तर काकासाहेब गाडगीळ. जातीने ब्राह्मण, पुण्याचे वकील. पाच वर्षांपूर्वी ज्या जेधे मॅन्शनमधून ब्राह्मणांविरुद्धची गाणी निघत होती, त्याच वाड्यावर आता काँग्रेसचे ब्राह्मण कार्यकर्ते पंगतीला बसू लागले. गाडगीळ आणि जेधे ही जोडी मिळून खेड्यापाड्यात सभा घ्यायची. दोघेही दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. काँग्रेस म्हणजे पुण्यातल्या शिकलेल्या लोकांचा पक्ष, हा समज मोडायला आणि धोतर-पागोट्यातला शेतकरी काँग्रेसच्या सभेला यायला या जोडीचा फार मोठा हातभार लागला.

केशवरावांनी फुल्यांना सोडले असे मात्र नव्हे. शेतकऱ्याच्या हक्काचा आग्रह तोच राहिला. सुटली ती शिवी. जवळकरही पुढे बदलत गेले होते, विलायतेला जाऊन आल्यावर जातीपेक्षा शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल आणि पोटाबद्दल जास्त लिहू लागले होते. पण ते १९३२ सालीच, पस्तिशीही गाठायच्या आत वारले. फुल्यांच्या नावाचेही पुढे झाले. पुतळ्यावरून एवढे रण माजले त्याच पुण्यात आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले. टिळकांचा पुतळा आजही त्याच मंडईत आहे. भाजी घ्यायला गेलेल्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

पुणे मात्र शांत झाले नव्हते. विखार आता दुसऱ्या बाजूने वाढत होता. २५ जून १९३४ ला अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर आलेल्या गांधीजींच्या मोटारीवर म्हणून पुण्यात बॉम्ब टाकला गेला. तो पुढच्या मोटारीवर पडला. गांधीजी वाचले, दुसरी माणसे जखमी झाली. पुढे चाळीसच्या दशकात पुण्यातूनच नथुराम गोडसेचे अग्रणी हे पत्र निघायचे. त्यातल्या जहाल लिखाणाबद्दल सरकारने जामीन मागितला, तर त्याने हिंदू राष्ट्र असे नाव बदलून तेच चालू ठेवले. ३० जानेवारी १९४८ ला तो दिल्लीला जाऊन काय करून आला ते सगळ्या जगाला माहीत आहे.

आणि मग इकडे आग लागली. मारणारा ब्राह्मण होता एवढ्यावरून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात ब्राह्मणांची घरे, वाडे, दुकाने जाळली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशी कुटुंबे रातोरात गाव सोडून शहरात गेली, ती बहुतेक परत आली नाहीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ओस पडलेले वाडे आणि त्यांची जळकी जोती पुढची कित्येक वर्षे तशीच होती. म्हाताऱ्या माणसांनी ते सांगताना आवाज खाली आणलेला अनेकांनी ऐकला असेल.

याचा दोष १९२५ च्या एका पुस्तकावर टाकणे सोपे आहे, पण ते खरे ठरणार नाही. कुळांचा जमीनदारावरचा राग, सावकारी, जुने हिशेब, लुटालूट करणारे संधिसाधू, सगळेच त्यात होते. पण एक अख्खी जात दुश्मन आहे हे वाक्य गाण्यातून, पुस्तकातून, भाषणातून पंचवीस वर्षे ऐकत आलेल्या माणसाला काडी ओढताना कमी विचार करावा लागला, एवढे तर म्हणावेच लागेल. केशवराव स्वतः त्या भाषेपासून केव्हाच लांब गेले होते. भाषा मात्र गावात राहिली होती.

शेकाप, पुन्हा काँग्रेस आणि बारामती

देशाची घटना लिहिणाऱ्या संविधान सभेत केशवराव सभासद होते. पण काँग्रेसमध्ये शेतकऱ्याला कोण विचारतो, हा सल वाढत गेला. शंकरराव मोरे आणि इतरांबरोबर त्यांनी काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष उभा केला. बारामती परिसरात या पक्षाने चांगली मुळे धरली. काटेवाडीच्या पवारांचे घर तर शेकापचेच. पुढे पक्षात मार्क्सवादावरून वाद झाले, फाटाफूट झाली आणि १९५४ साली केशवराव परत काँग्रेसमध्ये आले. कालचे सोबती आज विरोधात गेले. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या जेधेंनी जे उत्तर दिले असते, ते या जेधेंनी दिले नाही.

मग संयुक्त महाराष्ट्राचा वणवा पेटला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असे दिल्लीत घाटू लागले. मुंबईत गोळीबार झाले, शंभरावर माणसे गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात सर्व पक्षांची सभा भरली. अध्यक्ष केशवराव जेधे. समोर कम्युनिस्ट, समाजवादी, शेकापवाले, आंबेडकरांचे अनुयायी, ब्राह्मण, मराठा, दलित, सगळे. एकमेकांवर आयुष्यभर तोंडसुख घेतलेली माणसे त्या दिवशी एका सभागृहात होती. तिथे संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. ज्या टिळकांवरच्या पुस्तकासाठी कोर्टात उभे राहावे लागले, त्यांच्याच नावाच्या मंदिरात त्या माणसाला अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी मान्य केले. त्या जागी दुसरा कुणी पुढारी एवढ्या गोटांना चालला असता का, शंकाच आहे.

वर्षभरातच, १९५७ च्या निवडणुकीत ते बारामतीतून काँग्रेसचे उमेदवार म्हणून उभे राहिले. समितीच्या स्थापनेचा अध्यक्ष आणि उमेदवारी काँग्रेसची, ही गोष्ट त्या काळीही अनेकांना पचली नसणार. पश्चिम महाराष्ट्रात समितीची लाट होती. काँग्रेसचे दिग्गज पडत होते, पुण्यात समितीकडून समाजवादी ना. ग. गोरे निवडून आले. तशात बारामतीने मात्र काँग्रेसच्या जेधेंना लोकसभेत पाठवले. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा करणारा इथला शेतकरी पक्षापेक्षा माणूस बघून मत देतो, असे तेव्हापासून म्हणता येईल.

खासदारकीची पाच वर्षे मात्र त्यांना पुरी करता आली नाहीत. १२ नोव्हेंबर १९५९ ला केशवराव गेले. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० ला. ज्या राज्यासाठी त्यांनी ती सभा चालवली, ते बघायला सहा महिने कमी पडले.

त्यांच्या जागेसाठी १९६० मध्ये बारामतीत पोटनिवडणूक लागली. काँग्रेसने त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभे केले. समोर शेकापचे वसंतराव पवार, काटेवाडीचे. वसंतरावांचे धाकटे बंधू शरद तेव्हा विशीतले, काँग्रेसचे कार्यकर्ते, आणि त्यांनी प्रचार केला तो सख्ख्या भावाच्या विरोधात गुलाबरावांचा. घरात आई शारदाबाई शेकापच्या. सख्खे भाऊ दोन पक्षांत, भर प्रचाराचे दिवस, आणि तरी घर फुटले नाही. भावाने भावाचे ऐकून घेतले, ज्याचा त्याने आपला प्रचार केला. २०२४ साली बारामतीत एकाच घरातल्या दोघांची लढत झाली तेव्हा टीव्हीवाले गाड्या घेऊन आले होते. १९६० च्या त्या निवडणुकीला टीव्ही नव्हता. गुलाबराव जेधे निवडून आले, वसंतराव पडले.